दुर्बीण की दवाखाना? एक फसवा पेच

ग्रामीण आरोग्यसेवेच्या दुर्दशेवर बोलताना एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो, आणि खेदाची गोष्ट अशी की तो पुरोगामी चळवळीतील प्रामाणिक कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकू येतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, दूरदूरच्या आकाशगंगांचे क्षीण रेडिओ संकेत टिपणारी अवाढव्य दुर्बीण उभी आहे; त्याच जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, ऊसतोड मजुराच्या खोपीत साधे शुद्ध पाणी पोचत नाही. मग आकाशाला कान लावून बसण्यावर पैसा का उधळायचा? तो दवाखान्यांना का द्यायचा नाही?

प्रश्नात कळवळा आहे, यात शंका नाही. परंतु कळवळा खरा असला म्हणून हिशेब खरा ठरत नाही. हा पेचच मुळात फसवा आहे, आणि तो ज्यांच्या सोयीचा आहे ते ना खोडदचे आहेत ना इंदापूरचे.

प्रथम हिशेबच पाहू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ छोट्या थाळ्या उभारून या देशात रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घातला. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. त्यानंतर नव्वदच्या दशकात खोडदचा प्रकल्प आला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आणि सर्व मिळून एकाच प्रचंड दुर्बिणीचे काम करणाऱ्या. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी वापरल्यामुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च कितीतरी उतरतो. हा सारा प्रकल्प सुमारे ५० कोटी रुपयांत उभा राहिला. परदेशी कंपनीकडून तयार यंत्र आणून त्यावर देशी पाटी लावण्याचा हा प्रकार नव्हता. येथील अभियंत्यांनी आणि येथील कामगारांनी, येथील परिस्थिती ओळखून केलेली ती निर्मिती होती.

आज भारत ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पात सहभागी आहे. त्यासाठी मंजूर झालेली रक्कम १,२५० कोटी रुपये, तीही सात वर्षांसाठी. भागाकार केला तर माणशी वर्षाला सव्वा रुपया पडतो. एवढ्या सव्वा रुपयाने इंदापूरचा दवाखाना बंद पडतो असे ज्यांना वाटते, त्यांनी उरलेला अर्थसंकल्प कोठे जातो हे एकदा तपासून पाहावे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये कायदा करून राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा गाजावाजा झाला. त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यत्वे उद्योगांकडून यावेत, अशी अपेक्षा होती. म्हणजे विज्ञानाचा पाया उद्योगपतींच्या मर्जीवर. आणि जुलै २०२५ मध्ये याच सरकारने खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली, कमी किंवा शून्य व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या अर्थसाह्यासह. त्या जागतिक दुर्बिणीवरील खर्चाच्या ही रक्कम ८० पट आहे. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च मात्र २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघ्या ०.६४ टक्के होता. दुर्बीण आणि दवाखाना यांनी एकमेकांच्या ताटातला घास हिसकावण्यासाठी भांडत राहावे, आणि तोवर पंगतीची मुख्य वाढप दुसऱ्याच रांगेत व्हावी, असा हा एकंदर मामला आहे.

दुसरा मुद्दा ज्ञानाच्या स्वरूपाचा. दुर्बीण आणि रोगनिदान यांचा काहीच संबंध नाही, असे मानणे हे अज्ञान आहे. गोविंद स्वरूप यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली, ते रोनाल्ड ब्रेसवेल हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्याच्या पृष्ठभागाचे पट्ट्यापट्ट्यांनी घेतलेले मोजमाप जोडून त्याचे संपूर्ण चित्र कसे बनवावे, याचे गणित त्यांनी मांडले. पुढे शरीराचे सीटी स्कॅन करताना तेच गणित उपयोगी पडले. कोविडच्या साथीत ज्या रुग्णांच्या छातीचे स्कॅन झाले, त्यांच्या फुप्फुसांचे चित्र उमटवणाऱ्या विद्येचा एक धागा असा सूर्यापर्यंत जातो. ब्रेसवेल यांनी सूर्य पाहिला तो रुग्णालयासाठी नव्हे. ज्ञानाचा उपयोग आधी सिद्ध करा, मग पैसे देऊ, असे म्हणणारा सावकार या शोधाला एक दमडीही देता ना. म्हणूनच असे संशोधन समाजाच्या सामाईक पैशातून व्हावे लागते. वाटल्याने ते कमी होत नाही. कुलूप लावले तरच ते कमी होते.

आणि कुलूप लावण्याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी येथे विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात आढळलेल्या माकडतापाचा छडा या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी लावला. जुलै २०२१ मध्ये बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण ओळखला गेला, तोही याच संस्थेत. गावातील तापाचे नमुने प्रयोगशाळेपर्यंत गेले म्हणून तो कळला. न जाते तर तो नुसताच 'ताप' राहिला असता.

कोविडच्या विषाणूचा जो नमुना कोव्हॅक्सिन लशीला आधार ठरला, तो याच सार्वजनिक संस्थेने वेगळा काढून दिला. बीज जनतेच्या पैशातले. पीक मात्र खाजगी कंपनीच्या गोदामात गेले. एप्रिल २०२१ मध्ये, स्मशानांत जागा मिळत नव्हती त्या दिवसांत, उत्पादक कंपनीने राज्य सरकारांसाठी मात्रेमागे ६०० रुपये आणि खाजगी रुग्णालयांसाठी १,२०० रुपये दर जाहीर केला. ओरड झाल्यावर राज्यांचा दर ४०० वर आला. केंद्राला तीच मात्रा १५० रुपयांत मिळत होती. मग ४०० आणि १,२०० हे आकडे कोणत्या शास्त्रातून निघाले?

याच काळात परळच्या हाफकिनची आठवण सरकारला झाली. १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून उभी राहिलेली ही संस्था. तिचे नाव ज्या डॉ. हाफकिन यांच्यावरून पडले, त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. तेथील शासकीय महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्याची अनुमती मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, घर पेटल्यावर विहीर खणावी तशी. दुसरी लाट ओसरली तेव्हा उत्पादनाची व्यवस्थाही उभी नव्हती. वर्षानुवर्षे उपेक्षित ठेवलेला सार्वजनिक कारखाना संकटाच्या दिवशी एकाएकी धावू शकत नाही. आणि तो धावला नाही, हे कारण पुढे करून त्याला निरुपयोगी ठरवणे, हा तर खाजगीकरणाचा जुनाच डाव आहे. दवाखान्याचा घास हिरावला तो या धोरणाने. खोडदच्या तारांच्या जाळीने नव्हे.

आता इंदापूरकडे वळू. पुणे शहराच्या उशाला विषाणू विज्ञान संस्था, रासायनिक प्रयोगशाळा, रेडिओ खगोलशास्त्राचे केंद्र. पण पुण्याहून इंदापूरला येते काय? पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, आणि भीमेतून १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी या जलाशयाखाली गेल्या, त्यांच्याच वारसांच्या दाराशी शहराचा मैला येऊन थांबतो. त्या पाण्यावर मासेमारी चालते, ऊस पिकतो. भिगवणच्या उथळ पाण्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बारे आजाराची साथ पसरली आणि दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली, तेव्हा शहर हादरले. परंतु शहराच्या पाण्याचा प्रवास शहराच्या वेशीवर संपत नाही.

कोविडच्या काळात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या सांडपाण्यातून विषाणूचा माग काढला. विद्या आहे, माणसे आहेत, उपकरणे आहेत. ती भीमेच्या प्रवाहाबरोबर खाली सरकली पाहिजेत, एवढाच प्रश्न आहे. आणि तो तंत्राचा नसून सत्तेचा आहे.

या बाबतीत वैज्ञानिकांनाही मोकळे सोडता येणार नाही. रेडिओ दुर्बिणीला निःशब्द परिसर लागतो, म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा मार्ग नाकारला गेला. कारण शास्त्रीय असेल. पण ज्या जनतेने हा त्याग करायचा, तिला तो तिच्या भाषेत, तिच्या चावडीवर समजावून सांगणे हे शास्त्रज्ञांचे कर्तव्य नव्हे काय? जनतेशी न बोलणारे विज्ञान धनिकांच्या आश्रयाला जाते. बारामतीत जून २०२२ मध्ये विज्ञान केंद्राचे उद्घाटन झाले ते गौतम अदाणी यांच्या हस्ते. ज्या जिल्ह्याने गोविंद स्वरूप यांची कर्मभूमी पाहिली, तेथे विज्ञानाचा दिवा लावण्यासाठी उद्योगपती बोलवावा लागतो, ही घटना बोलकी आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दुर्बिणीविरुद्ध घोषणा देण्यात शक्ती दवडू नये. मागण्या नेमक्या असाव्यात. उजनीच्या पाण्याची आणि त्यात येणाऱ्या सांडपाण्याची रोगजंतूंसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. २०१९ पासून बारामतीत असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात साथरोगांचे कायम संशोधन व्हावे, आणि त्यात ऊसतोड मजुरांच्या वस्त्या पहिल्या असाव्यात. हाफकिनला संकटाची वाट न पाहता भांडवल मिळावे. सार्वजनिक प्रयोगशाळेतून निघालेल्या लशीची किंमत सरकारने ठरवावी, कंपनीने नव्हे.

आणि खोडदची दुर्बीण चालू राहावी. आकाशाविषयी कुतूहल बाळगण्याचा हक्क फक्त पोट भरलेल्यांचाच आहे, हे मानणारी विचारसरणी श्रमिकांची असूच शकत नाही. ऊस तोडणाऱ्या बाईच्या मुलीला शुद्ध पाणीही हवे आणि त्या तारांच्या जाळीत काय ऐकू येते हेही कळायला हवे. यांपैकी एकच निवड, असे तिला सांगणाऱ्याला आधी विचारावे की, निवड करण्याची वेळ फक्त तिच्यावरच का येते?