सर्पाचे वय आणि वैद्याची जबाबदारी

भातकापणीच्या दिवसांतील एक प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका शेतमजुराला घोणशीने दंश केला. सोबतचे लोक धीर देत होते, ‘‘वैद्यबुवा, वीतभर पिल्लू होते, त्याला विष ते किती असणार?’’ आम्हीही त्या शब्दांवर विसंबलो आणि सूज पाहत अर्धा तास दवडला. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा आमचे डोळे उघडले. रुग्णालयात प्रतिविष मिळाल्याने तो वाचला. मात्र त्याचे श्रेय आमच्याकडे येत नाही.

पुढे याच प्रश्नाचा शोध घेताना अमेरिकेतील रॅटलस्नेकविषयीचे संशोधन वाचनात आले. शेपटीच्या टोकाला खुळखुळा असणारा हा साप घोणशीच्याच कुळातील आहे. तिकडे समजूत नेमकी उलटी आहे. पिल्लाला विषावर ताबा ठेवता येत नाही, ते सगळे विष ओतते, म्हणून पिल्लूच अधिक घातक, असे तिथे सांगितले जाते. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. मात्र विषाच्या घटकांत वयानुसार फरक पडतो, हे खरे आहे. पॅसिफिक रॅटलस्नेकची पिल्ले मुख्यतः पाली-सरड्यांवर जगतात, तर मोठे साप उंदीर व खारींवर. पिल्लांचे विष वजनास वजन अधिक जहाल असते. प्रौढांच्या विषात ऊतींचा नाश करणारी प्रथिने वाढतात. मध्य अमेरिकेतील जातीत पिल्लांचे विष मज्जातंतूंवर आघात करते, तर प्रौढांचे रक्तस्राव घडवते. दक्षिण अमेरिकेतील जातीत मात्र मज्जातंतूंवरील हा परिणाम प्रौढपणीही टिकून राहतो.

मग अधिक भय कोणाचे? मोठ्या सापाच्या ग्रंथींत विषाचा साठा पुष्कळ अधिक असतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील रुग्णांचा जो अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या सापांचे दंश अधिक गंभीर ठरले. म्हणजे पिल्लाचे विष जहाल, तर प्रौढाचे प्रमाण मोठे. शिवाय नवजात पिल्लाच्या शेपटीला एकच कडी असल्याने खुळखुळा वाजत नाही आणि सावध होण्याची संधीही मिळत नाही.

सर्पाच्या वयाचा विचार आपल्या आचार्यांनी फार पूर्वी केला होता, याचा आम्हांस सार्थ अभिमान वाटतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात आणि सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दर्वीकर तरुणपणी, मण्डली वृद्धापकाळी आणि राजिमान मध्यम वयात विशेष घातक सांगितले आहेत. परंतु ‘हे सारे आमच्या ग्रंथांत आहेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे आम्हांस मान्य नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात घोणशीचे विष वयानुसार बदलताना आढळले, नागाचे मात्र तसे आढळले नाही. ग्रंथवचन आणि प्रयोग काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी जुळत नाहीत. दोन्ही डोळसपणे वाचणे, हीच खरी ग्रंथनिष्ठा होय.

व्यवहारात यातून एकच बोध निघतो. सापाचे वय वा लांबी ऐकून उपचार ठरवू नयेत. किती विष शरीरात शिरले, हे लांबी सांगू शकत नाही. ते लक्षणांवरून आणि काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत वीस मिनिटे रक्त ठेवून ते गोठते की नाही, या साध्या चाचणीवरून कळते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर चालणारे प्रतिविष आपल्याकडे उपलब्ध आहे. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास तेथवर तातडीने पोहोचवणे, हेच आपले पहिले कर्तव्य आहे. आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

औषधी दुकानांच्या मालकबंधूंनाही आमची नम्र विनंती आहे. सर्पदंशावर म्हणून कोणतीही वटी वा चूर्ण हातावर ठेवू नका. त्याऐवजी 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि प्रतिविष मिळणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचे नाव दर्शनी भागी लावा.

आपल्या दारी कोणी ‘पिल्लूच होते’ म्हणत आला, तर आम्ही दवडलेला तो अर्धा तास आपण दवडू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.