चौपट वेतनाचा पाहुणा

कामाच्या शोधात मनुष्य गाव सोडतो, हा जुना अनुभव. आता तो काम बरोबर घेऊनच गाव बदलू लागला आहे. मालक एका देशात, बिऱ्हाड दुसऱ्या देशात आणि दोहोंमधील दुवा म्हणजे संगणक! करोनाच्या काळात या व्यवस्थेला कायद्याचे रूप मिळाले. २०२० च्या जुलैत बार्बाडोसने आणि ऑगस्टमध्ये एस्टोनियाने अशा दूरस्थ नोकरदारांसाठी खास व्हिसा सुरू केला. ३० ऑक्टोबर २०२२ पासून पोर्तुगालनेही तोच मार्ग धरला.

पोर्तुगालची अट मोठी बोलकी आहे. अर्जदाराचे उत्पन्न देशाबाहेरून यावे आणि ते तेथील किमान वेतनाच्या निदान चौपट असावे. २०२२ मध्ये हे वेतन दरमहा ७०५ युरो होते. म्हणजे पाहुण्याकडे तेव्हा २,८२० युरो हवे होते. पाहुणा स्थानिकाची नोकरी घेणार नाही, पैसा मात्र येथे खर्च करील, असा हा हिशेब. तो येथवर चुकीचा नाही.

परंतु नोकरीच्या बाजारात टळलेली स्पर्धा घरांच्या बाजारात उभी राहतेच. मागणी वाढली की पाव अधिक भाजता येतो. लिस्बनच्या जुन्या पेठांतील खोल्या तशा वाढविता येत नाहीत. एकाच खोलीसाठी एकपट वेतनाचा रहिवासी आणि चौपट वेतनाचा पाहुणा समोरासमोर आले, तर घरमालक कोणाची निवड करील, हे सांगावयास अर्थशास्त्राची गरज नाही. १ एप्रिल २०२३ रोजी लिस्बन व अन्य शहरांत हजारो नागरिक घरांसाठी रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे.

अर्थात सारा दोष या पाहुण्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०१२ च्या कायद्याने भाडेनियंत्रण सैल केले, पर्यटकांच्या मुक्कामासाठी घरे वळविली गेली आणि घर विकत घेणाऱ्या परदेशी धनिकांना निवासाचा परवाना देण्याची योजनाही त्याच वर्षी आली. त्यावर कळस म्हणजे, ठरावीक व्यवसायांतील नव्या रहिवाशांच्या वेतनावर दहा वर्षे सरसकट २० टक्केच कर! ही सवलत नव्या अर्जदारांसाठी २०२४ पासून बंद झाली, हे योग्यच झाले. मात्र तेवढ्याने भागणार नाही. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या कराचा ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या घरांच्या बांधणीस बांधून दिला पाहिजे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू पुण्यातील संगणक अभियंत्यास चांगली ठाऊक आहे. २०२२ च्या दराने ती अट महिना सुमारे सव्वादोन लाख रुपयांची होती. तेच काम, तेच कौशल्य. पण पगार डॉलरमध्ये असेल तर दार सहज उघडते, रुपयांत असेल तर बहुधा बंदच राहते. गुणवत्तेची पारख म्हणून मिरविणारी ही चाळणी वस्तुतः चलनाची आहे.

अतिथीचे स्वागत अवश्य व्हावे. परंतु त्यासाठी घरच्यांनाच ओसरीवर झोपावे लागत असेल, तर त्या पाहुणचाराचा हिशेब पुन्हा मांडावयास हवा.