प्रथम वर्षाच्या यादीत नसलेल्या मुली

दरवर्षी प्रवेश आटोपले की नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : “आता काय, मुलीच पुढे!” देशाचे आकडेही मदतीला येतात. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुलींचे पट-प्रमाण २८.५ टक्के, मुलांचे २८.३. झाली समानता!

पण मैत्रिणींनो, हे प्रमाण जन्मलेल्या मुलींमधले आहे. जन्मूच न दिलेल्यांचा हिशेब त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या. २००१ मध्ये ८८४ होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा; म्हणजे ही घसरण कायदा असतानाची. २०११ साली पाळण्यात आणि अंगणवाडीत मोजलेली हीच पिढी आज प्रथम वर्षाच्या दारात उभी आहे. त्या वर्गाची पहिली चाळणी सोनोग्राफीच्या खोलीत झाली.

दुसरी चाळणी उसाच्या फडात. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे जिल्ह्यात कारखाने वाढले, त्यांच्या पुढाऱ्यांनी शिक्षणसंस्था काढल्या, वसतिगृहे बांधली. आम्ही त्याचे मोल कमी करत नाही. पण त्या उसाला कोयता लावायला पाथर्डी-शेवगावकडून जी माणसे जातात, त्यांच्या लेकी त्या वर्गांत किती? उचल जोडप्यावर मिळते, एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. मग पोरीचे लग्न लवकर उरकणे हा निव्वळ ‘अडाणीपणा’ कसा? तो मुकादमाच्या वहीतला हिशेबही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

यातूनही जी बारावी होते तिच्यासाठी सरकारने काय केले? २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची शिकवणी व परीक्षा फी माफ झाली. चांगलेच झाले. पण खोलीभाडे आणि खानावळ बापाच्याच माथी. आणि साधे बी.ए. करू पाहणारी या निर्णयात बसतच नाही. खेड्यातल्या मुलीला एस.टी.चा मोफत पास मिळतो तो अहिल्याबाईंच्या नावाने, पण बारावीपर्यंतच. प्रथम वर्षाला पाऊल टाकले की पासाचे पैसे मोजा! २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्याबाईंचे नाव दिले, २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे. नावे द्यायला खर्च येत नाही.

याच नगरात मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. त्या शहराला ‘मुली किती’ एवढ्याच आकड्यावर समाधान मानणे शोभत नाही. कोणत्या तालुक्याच्या, कोणत्या जातीच्या, कोणत्या शाखेला, आणि त्यांतल्या किती दुसऱ्या वर्षाला पोचल्या? लिंग व प्रवर्गानुसार आकडे महाविद्यालये त्या सर्वेक्षणासाठी दरवर्षी भरतातच, म्हणजे कागद कचेरीत आहे. अनुदानित महाविद्यालयाला माहिती अधिकारात अर्ज दहा रुपयांत करता येतो. प्रत्येक तालुक्यातल्या गटाने निदान एक अर्ज टाकावा, उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे.