जाहीर इशारा : हे प्रकरण चहावर मिटणार नाही

काल रात्री मुक्कामी गाडी अडवून चालक-वाहकांना मारहाण करणाऱ्या तिघांना आगारातल्या सर्व कर्मचाऱ्यांचा हा शेवटचा इशारा.

कारण काय, तर साइड दिली नाही! रस्ता अरुंद, पुढे उसाच्या बैलगाड्या, गाडीत उभं राहायला जागा नाही. तुम्ही मोटारसायकल आडवी लावली, चालकाला कॉलर धरून खाली ओढलं. सोडवायला आलेल्या वाहकाचा हात पिरगळला. त्याच्या बॅगेतली चिल्लर प्रवाशांनी मोबाइलच्या उजेडात वेचली. वाहकाचं मनगट मोडलंय. वैद्यकीय दाखला पोलिसांकडे गेलाय.

सकाळपासून निरोप येताहेत, 'पोरं आहेत, चुकली, बसून मिटवू.'

मिटणार नाही. रस्त्यावरच्या भांडणात साधी दुखापत झाली, तर मार खाणारा तडजोड करू शकतो. इथे तसं नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने कामावरचा एसटी कर्मचारी लोकसेवक ठरतो. त्याला काम करू न देण्यासाठी अंगावर गेलात की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ : अजामीनपात्र, २ वर्षांपर्यंत कैद. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, कलम १२१(२) : कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं, वर दंड. या कलमांत तडजोडीची सोय नाही. वाहकाने उद्या मोठ्या मनाने माफ केलं, तरी खटला सरकारचा आहे.

'मी फक्त धरलं होतं,' असं सांगत फिरणाऱ्यानेही ऐकावं. इरादा एक असेल, तर धरणारा आणि मारणारा कायद्याला सारखेच. तू पोलीस भरतीसाठी रोज पहाटे आमच्याच आगारासमोरून धावतोस. चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा लपणार नाही.

सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत पोलीस ठाण्यात स्वतः हजर व्हा. नाही आलात, तर ११ वाजता सुट्टीवरचे सगळे कर्मचारी अटकेची मागणी घेऊन पोलीस अधीक्षकांच्या दारात बसतील. अटकपूर्व जामिनाला गेलात, तर तिथेही विरोध होईल.

ज्यांनी व्हिडिओ काढला, त्यांनी तो फिरवत बसू नये. पोलिसांकडे द्यावा, जबाब द्यावा.

गाड्या मात्र बंद राहणार नाहीत. मुक्कामी गाडी आज पहाटे साडेपाचला ठरल्या वेळी सुटली. बाजाराला निघालेली तुमच्याच गावची माणसं तिच्यात होती.