आवाज गुडघ्यांना की कानांना?

मुलांनो, हिवाळा आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचं वारं वाहू लागतं. कुठं लेझीम, कुठं दंडार, कुठं समूहगीत. त्याआधी दुर्गोत्सवाचे नऊ दिवस तर यवतमाळ शहर नुसतं गजबजलेलं असतं. आणि आजकाल या सगळ्या धामधुमीत एखादा दादा किंवा ताई गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर उभी राहते.

मग एक संवाद हमखास ऐकू येतो.

"अरे, आवाज वाढव ना! मला माझंच वाजवणं ऐकू येऊन नाही राहिलं!"

आवाज वाढतो. आणि समोर सतरंजीवर बसलेली पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली दोन्ही हात कानांवर दाबून धरतात.

गंमत पाहा हं. जो वाजवतो, जो आवाजापासून दोन पावलांवर उभा आहे, त्याला ऐकू येत नाही. आणि जे लांब बसलेत त्यांचे कान किटतात! हे एकाच वेळी कसं काय? आज आपण हेच कोडं सोडवू या. त्याचं उत्तर एका लोखंडी, साध्यासुध्या वस्तूत आहे. तिचं नाव तिरपा स्टँड.

आवाजाचाही झोत असतो

इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण. तो मोठा करायला अॅम्प्लिफायर लागतो आणि ऐकवायला स्पीकर. गिटारसाठी हे दोन्ही बहुधा एकाच खोक्यात बसवलेले असतात. वाजवणारे त्याला नुसतं 'अॅम्प' म्हणतात. हा अॅम्प वाजवणाऱ्याच्या मागे, जमिनीवर ठेवायची पद्धत आहे. खोका सरळ, स्पीकरचं तोंड समोर.

आता एक प्रयोग करा. मित्राला पाच-सहा पावलांवर उभं करा. त्याला आधी "ऊऊऊ" असा जाड आवाज काढायला सांगा आणि तसाच आवाज काढत पाठ फिरवायला लावा. फारसा फरक पडत नाही ना? आता "स्स्स्स" असा बारीक आवाज काढत पाठ फिरवू द्या. आवाज एकदम मंद झाला! जाड आवाज चहूकडे पसरतो, बारीक आवाज तोंड असेल तिकडेच जातो.

असं का? आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. सेकंदाला १०० कंपनं असलेल्या जाड आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. सेकंदाला ३,४०० कंपनं असलेल्या बारीक आवाजाची लाट फक्त १० सेंटिमीटर. गिटारच्या अॅम्पमधला स्पीकर पुष्कळदा १२ इंची, म्हणजे ३० सेंटिमीटरचा असतो. लाट स्पीकरपेक्षा खूप मोठी असेल, तर आवाज सगळीकडे पसरतो. लाट स्पीकरपेक्षा लहान असेल, तर बॅटरीच्या उजेडासारखा सरळ झोत निघतो.

गिटारचा स्पष्टपणा, तारेवर नखी लागल्याचा 'टण्' हा बारीक आवाजातच असतो. खोका जमिनीवर सरळ ठेवला की हा झोत वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांजवळून निघून जातो. गुडघ्यांना काही कान नसतात! वर कानापर्यंत पोचते ती नुसती घुमघुम. म्हणून बिचारा बटण फिरवत राहतो. इकडं तो झोत स्टेज ओलांडून थेट सतरंजीवरच्या मुलांच्या कानांवर जाऊन आदळतो.

सुटलं कोडं? कमी पडली होती ती दिशा. आवाज होता तेवढा पुरेसा होता.

किती कलवायचा?

काढा कंपासपेटी. समजा, वाजवणारा उभा आहे आणि त्याचे कान जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर आहेत. स्पीकरचा मध्य २५ सेंटिमीटरवर आहे. फरक ११५ सेंटिमीटर. दोघांतलं अंतर २ मीटर.

२० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर असं प्रमाण घ्या. वहीवर १० सेंटिमीटरची आडवी रेघ काढा. तिच्या एका टोकाला पावणेसहा सेंटिमीटरची उभी रेघ काढा. दुसऱ्या टोकापासून उभ्या रेघेच्या माथ्यापर्यंत तिरपी रेघ जोडा आणि कोनमापक लावा. कोन भरेल जवळजवळ ३०°. एवढा अॅम्प मागे कलवला की झोत बरोबर कानाशी येतो. शिवाय स्टेजसमोर बसलेल्या लहानग्यांच्या डोक्यांवरून तो वर निघून जातो.

वाजवणारा एक मीटर आणखी पुढे सरकला, म्हणजे अंतर ३ मीटर झालं, तर कोन होतो साधारण २१°. म्हणून ज्या स्टँडचा कोन कमी-जास्त करता येतो, तो चांगला. एकाच कोनात पक्का बसवलेला स्टँड असेल, तर वाजवणाऱ्यानं आपली जागा ठरवून घ्यायची. खडूनं फुली मारा आणि तिथंच उभे राहा.

"पण सर, आवाज असा वर गेला तर मागच्या रांगांना गिटार कशी ऐकू येणार?" चांगली शंका आहे. त्यासाठी अॅम्पसमोर एक माइक ठेवतात आणि त्यातून आवाज स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरवर नेतात. लोकांना ऐकवायचं काम त्या मोठ्या स्पीकरचं. अॅम्पनं वाजवणाऱ्याची सोय पाहायची.

विटा नकोत!

पुष्कळ ठिकाणी काय करतात? खोक्याच्या पुढच्या कडेखाली दोन विटा सरकवतात आणि म्हणतात, "झालं काम!" हे काम झालेलं नसतं. संकट नुसतं उभं केलेलं असतं.

कापसानं भरलेली बैलगाडी पाहिली आहे ना? गाडी सपाट रस्त्यावर डुलत डुलत जाते. पण एक चाक खड्ड्यात गेलं आणि बोजा उंच असला, की कलंडते. कोणत्याही वस्तूचं सगळं वजन जणू एका बिंदूत साठलेलं असतं. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. त्या बिंदूतून गवंडीकाकांचा ओळंबा सोडला आणि तो वस्तूच्या बैठकीच्या आत पडला, तर वस्तू उभी. बाहेर पडला, तर वस्तू आडवी!

आपला खोका ५० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर खोल आहे असं धरू. वजन बरोबर मध्यावर आहे असं मानलं, तरी तो मागे साडेसव्वीस अंशांपलीकडे झुकला की ओळंबा मागच्या कडेबाहेर जातो. आणि आपल्याला तर ३०° हवेत! त्यात पुष्कळ अॅम्पमध्ये जड ट्रान्सफॉर्मर वरच्या भागात असतो, म्हणजे तोल त्याआधीच जाणार. भरीस भर म्हणून वाजताना खोका थरथरतो. टेबलावर ठेवलेला मोबाइल थरथरत थरथरत कडेला सरकतो ना, तसाच हा विटांवरून घसरतो.

म्हणून खोक्याला आरामखुर्ची हवी. आजोबा आरामखुर्चीत किती मागे रेलतात, पण पडत नाहीत. कारण खुर्चीचे मागचे पाय त्यांच्या पाठीच्याही मागे गेलेले असतात. तिरपा स्टँड म्हणजे अॅम्पची आरामखुर्चीच.

खुर्च्यांचे प्रकार

पहिला प्रकार म्हणजे अंगचेच पाय. अमेरिकेत लिओ फेंडर नावाचा माणूस होता. आधी त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण त्याच्या कंपनीच्या गिटार आणि अॅम्प जगभर गाजले. १९६३ साली आलेल्या 'ट्विन रिव्हर्ब' या अॅम्पच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांचे पाय होते. पाय फिरवून मागे टेकवले की खोका तिरपा. या अॅम्पचं वजन सुमारे २९ किलो, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या एखाद्या मुलाएवढं!

दुसरा प्रकार बुटका घडीचा स्टँड. खोका जमिनीपासून जेमतेम वीतभर वर राहतो आणि मागे रेलतो. याचा आणखी एक फायदा आहे. आपली स्टेजं बहुधा फळ्यांची, आतून पोकळ. त्यांच्यावर खोका थेट ठेवला की सगळं स्टेज ढोलासारखं घुमतं. थोडा उचलला आणि खाली रबर दिलं की ती घुमघुम कमी होते.

तिसरा प्रकार उंच स्टँड. खोका कमरेएवढा वर येतो, त्यामुळे फार कलवावाही लागत नाही. पण वजन उंचावर गेलं की थोड्या धक्क्यानंही तोल जातो. उंच बोज्याची बैलगाडी आठवा. आणि कॅसिओ ठेवायचा फुलीच्या आकाराचा स्टँड अॅम्पसाठी वापरू नका. तो कीबोर्डसाठी केलेला असतो. मागे रेललेला जड खोका पेलायला नव्हे.

शाळेच्या स्टेजसाठी कोणता घ्यायचा? माझं मत विचाराल तर बुटका. आपल्या स्टेजवर एका गाण्यानंतर वीस मुलं नाचायला धावत येतात. कुणाचा पाय वायरीत अडकतो, कुणाचा हात लागतो. एवढ्या गर्दीत खोका जितका खाली, तितकं बरं.

विकत घ्यायलाच हवा असंही नाही. आपल्याकडं सागवान आहे, हुशार सुतारकाका आहेत, वेल्डिंगची दुकानं आहेत. आरामखुर्चीचा हा आकार कागदावर काढून दिला की ते करून देतील.

घेताना काय पाहायचं?

१. आधी अॅम्प वजनकाट्यावर ठेवा. स्टँड त्याच्या दीडपट तरी वजन सहज पेलेल असा असावा.

२. खोक्याची रुंदी आणि खोली मोजून न्या. पुढच्या बाजूला घसरण थांबवणारी आडकाठी हवीच.

३. खोका ठेवून, कलवून ओळंबा सोडा. तो पायांच्या चौकटीच्या आत बराच आला पाहिजे. अगदी कडेशी आला तर तो स्टँड नको.

४. मागचे पाय लांब, चारही पाय एका पातळीत आणि तळाला रबर. रबर नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चालेल.

५. कोन पक्का करणारी खिट्टी किंवा पिन असावी. नुसत्या स्क्रूच्या आवळण्यावर भरवसा नको.

६. स्टँडमुळं खोक्याची मागची बाजू पडद्याला चिकटू नये. पुष्कळ अॅम्प मागून उघडे असतात आणि आतून तापतात.

७. कलवलेल्या अॅम्पचं तोंड थेट गाणाऱ्याच्या माइककडं असू नये. नाहीतर स्टेजभर शिट्टी घुमेल!

पालकांसाठी दोन शब्द

कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसाळ पेशी असतात. कापसाचं पीक एका साली बुडालं तर पुढच्या साली पुन्हा पेरता येतं. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कामगारांच्या सुरक्षेसाठी एक हिशेब वापरला जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! हा हिशेब मोठ्या माणसांसाठीचा आहे. लहानग्यांसाठी आपण त्याहूनही जास्त जपायला हवं.

स्नेहसंमेलन तर तीन-तीन तास चालतं आणि सगळ्यात लहान मुलं आपण सगळ्यात पुढे बसवतो. तेव्हा तालमीच्या दिवशी एक करा. स्वतः सतरंजीवर, मुलांच्या जागी मांडी घालून बसा आणि ऐका. तुमच्या कानाला टोचलं, तर मुलांना टोचणारच. सतरंजी चार पावलं मागे घ्या, आवाज कमी करायला सांगा. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या. आणि अॅम्पचा प्लग तीन पिनांचाच असावा, अर्थिंग तपासलेलं असावं. जोडणी आणि उचल-ठेव मोठ्यांनीच करावी.

आता तुमचं काम

एक रिकामा खोका घ्या. त्यात खाली एक पुस्तक ठेवून तो हळूहळू मागे कलवा. कोणत्या कोनात पडतो ते कोनमापकानं मोजा. मग तेच पुस्तक खोक्याच्या वरच्या भागात चिकटपट्टीनं पक्कं बसवा आणि पुन्हा मोजा. कोन वाढला की कमी झाला? का?

आणि यंदाच्या स्नेहसंमेलनात "आवाज वाढव" असं कुणी ओरडलं, तर बटणाला हात लावण्याआधी खोक्याचं तोंड कुठं आहे ते बघा. बहुतेक वेळा ते गुडघ्यांशीच बोलत असतं!