अंगठा उमटत नाही

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात एक आजी यंत्रावर अंगठा टेकवत होत्या. पदराने पुसून, ओला करून, पुन्हा पुसून. दहाही बोटे झाली. “आजी, नाही उमटत. उद्या या,” केंद्रावरचा मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. पण उद्याही हेच होणार, हे दोघांनाही ठाऊक होते. निराधार अनुदानासाठी हयातीचा दाखला हवा होता. बाहेर पायरीवर त्यांनी मला तळहात दाखवला. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडली, पुढे जन्मभर ऊसतोड केली. बोटांवर रेघा राहिल्याच नव्हत्या.

हा दोष यंत्राचा म्हणून सोडून देता येत नाही. मदत मागणाऱ्याने आधी आपली गरज सिद्ध करावी, तीही सरकार सांगेल त्या रीतीने, हा दंडक आपल्याकडे दीडशे वर्षांचा आहे. 1876-78 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी दुष्काळी कामांवरच्या मजुरीचा आधार माणशी रोज एक पौंड धान्यावर आणला. काम कष्टाचे, मजुरी तुटपुंजी आणि जागा घरापासून लांब ठेवली की खरा उपाशी तेवढाच येईल, असा हिशेब होता. 1877 च्या आरंभी मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगामागून दुष्काळ संहिता आली. मदत ही सरकारची जबाबदारी म्हणून कागदावर आली खरी, पण कसोटी कायम राहिली.

1896 च्या दुष्काळात टिळकांनी एक साधी गोष्ट केली. संहितेत रयतेला काय मिळायला हवे, ते ‘केसरी’तून मराठीत सांगितले. सभेचे कार्यकर्ते तेच गावोगाव सांगत फिरले. 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. नियम लोकांच्या हातात गेला की कचेरी किती अस्वस्थ होते, ते तेव्हा दिसले.

खरा पालट आपल्याच राज्यात झाला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972-73 मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. तेव्हा मिळालेल्या मिलो ज्वारीची आणि सुकडीची आठवण अजून लोकांच्या तोंडी आहे. रोजगार हमीचा 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. आता उत्तर द्यायचे होते ते सरकारला. म्हणून मला हा कायदा महाराष्ट्राचे फार मोठे काम वाटते.

तरीही पळवाट निघालीच. पंधरा दिवस मोजायचे तर अर्जाची तारीखवार पोच लागते, आणि नेमकी तीच नाकारली जाते. पोच नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्ता नाही. देशाचा रोजगार हमी कायदा 2005 मध्ये झाला, त्यालाही हाच रोग जडला.

निराधारांच्या अनुदानाचेही तेच. संजय गांधी निराधार योजना 1980 ची. तिच्यातल्या बहुतेकांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 21 हजार रुपयांवर अडली. म्हणजे रोजचे अठ्ठावन्न रुपयेही नाहीत. शेतमजुरीला जाणारी कोणतीही बाई एवढे कमावते. मग तलाठ्याला खोटा आकडा लिहावा लागतो किंवा तिला परत पाठवावे लागते. दाखला, रेशनकार्ड, बँकेची केवायसी, आधारवरचे नाव, प्रत्येकाचा हेलपाटा वेगळा, आणि त्यातला प्रत्येक दिवस बुडालेल्या रोजाचा.

आजींच्या गावात तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, पोलीस पाटील आहे. माणूस हयात आहे की नाही, हे त्यांच्याइतके कोणत्याही यंत्राला कळणार नाही. पडताळणी सरकारला हवी असेल तर सरकारने दारी जावे, आणि ती पुरी होईपर्यंत अनुदान थांबवू नये. अर्ज असो वा नुसती खेप, तारखेसह पोच द्यावी. हे नवे नाही: राज्याच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अर्जाला पोच आहे, मुदत आहे, अपील आहे, दंडही आहे.

आजी त्या दिवशी चाळीस रुपये भाडे खर्चून आल्या होत्या. निघताना त्यांच्या हातात कसलाही कागद नव्हता. सरकारच्या लेखी त्या आल्याच नव्हत्या.