समजतील असे पाच शब्द



आपल्या बेळगावात मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणारी माणसं एकाच बाकाशी गुडघे टेकतात. तरीही परवा माझ्याकडून चूक झाली.

कन्नड माहेरच्या एका ताईंनी मराठी मिस्सेत पहिलं वाचन केलं. ‘पश्चात्ताप’ या शब्दावर त्या अडखळल्या. मागे कुणीतरी हसलं. मिस्सा संपल्यावर मी दारातच, चारचौघांत, तो शब्द त्यांना नीट म्हणून दाखवला. मला वाटलं, मदत केली. पुढच्या महिन्याच्या यादीसाठी नाव विचारलं, तर म्हणाल्या, “नको दादा, मराठी माणसालाच द्या.”

त्या दिवशी वाचन लोकांना कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं. ताई सावकाश वाचत होत्या, वाक्य संपलं की थांबत होत्या. आम्ही जन्माचे मराठी मात्र गाडी चुकेल अशा घाईने वाचतो. अस्खलित बोलणं वेगळं आणि समजेल असं बोलणं वेगळं. मंडळीत परक्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द संत पौलाला मोलाचे वाटतात (१ करिंथ १४:१९).

पेत्राचंच पाहा. प्रमुख याजकाच्या वाड्यात त्याच्या बोलीवरून लोकांनी त्याला ओळखलं आणि भीतीने त्याने प्रभूला नाकारलं. पेंटेकॉस्टच्या दिवशी तोच पेत्र उभा राहून बोलला, तेव्हा सुमारे ३००० लोकांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणून मेहनत नको, असं मी म्हणत नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले; त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. मधे ३७ वर्षं गेली. त्या वर्षांत त्यांच्या चुका सांभाळून घेणारी माणसं भेटली असणारच.

आपणही तशी माणसं होऊ या. वाचन चार दिवस आधी हातात द्यावं. अवघड शब्द आधीच, एकट्यात सांगावा. आणि वाचणारा अडखळला, तर आपण मान खाली घालून ऐकत राहावं.

मी ताईंच्या घरी जाऊन माझ्या मोडक्या कन्नडमध्ये माफी मागितली. दोनदा वाक्य चुकलं. त्यांनी ते सुधारलं नाही, चहा ठेवला. त्यांनी नाव अजून दिलेलं नाही. यादीत एक जागा मी मोकळी ठेवली आहे.

प्रभू आपल्या जिभेला धीर आणि कानांना प्रेम देवो. आमेन.